घरी सायकल दुरुस्त करायची तर स्टँड कोणता घ्यावा आणि सायकल त्यात कुठे धरावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, चार फूट रुंद आणि दहा फूट लांब बाल्कनी आहे आणि घरात तीन सायकली आहेत: स्वतःची हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची अ‍ॅल्युमिनिअम हायब्रिड, मुलीची कार्बन फ्रेमची रोड सायकल आणि वडिलांची जुनी काळी बावीस इंची सायकल. आजवर सायकल उलटी करून चेन पुसणे, पंक्चर काढणे अशी कामे केली. आता गिअर आणि ब्रेकही स्वतः लावायचे आहेत. त्यासाठी स्टँड खरोखर लागतो का, लागत असेल तर कोणता घ्यावा आणि तो वापरावा कसा, असे आपण विचारले आहे.

मी गेली सव्वीस वर्षे सायकल दुरुस्तीचेच काम करतो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. पहिल्या दोन सायकलींसाठी सीट पोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, जबड्यात धरणारा, घडी होणारा स्टँड घ्यावा. वडिलांच्या सायकलीसाठी काहीच घेऊ नये, त्याचे कारण शेवटी सांगतो. मात्र निवडीची सुरुवात दुकानातल्या स्टँडपासून न करता आपल्या सायकलीपासून करावी, कारण स्टँड किती मजबूत आहे यापेक्षा तो आपली सायकल कुठे आणि कशी धरणार, यावरच पुढचे सगळे अवलंबून असते.

सायकल उलटी करणे ही काही चूक नव्हे. साध्या सायकलीचे पंक्चर असे उत्तम निघते. रस्त्यावरचा पंक्चरवाला तर चाकही न सोडवता, टायरची एक बाजू उचकटून ट्यूब बाहेर काढतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. परंतु हायड्रॉलिक ब्रेकचे तसे नाही. त्याच्या तेलाची छोटी टाकी हँडलवरच्या लिव्हरमध्ये असते आणि आत थोडी हवा असलीच तर ती सर्वांत उंच जागी, म्हणजे त्या टाकीत, निरुपद्रवी पडून राहते. सायकल उलटी केली की टाकी खाली जाते, कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने दाबणारा चाकाजवळचा भाग, वर येतो आणि ती हवा नळीतून कॅलिपरकडे सरकू शकते; मग सायकल सरळ केल्यावर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत आत जाते आणि माणूस घाबरून दुकानात येतो. बऱ्याच वेळा सायकल काही वेळ सरळ उभी ठेवून लिव्हर पंधरा-वीस वेळा दाबली की ब्रेक पूर्ववत होतो, पण गिअर लावण्यासाठी ब्रेक बिघडवावा कशाला? शिवाय उलट्या सायकलीत डिरेलरची, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाची, खालची पुली वर दिसते, डावे-उजवे बदलते आणि स्क्रू कोणत्या दिशेला फिरवायचा याचा हिशेब डोक्यात उलटा मांडावा लागतो. नवशिक्याचे निम्मे घोटाळे येथेच होतात.

आपल्याकडच्या जुन्या दुकानांत हा प्रश्न छताच्या कडीला दोन साखळ्या लावून सोडवलेला असे. एक आकडा सीटखाली, एक हँडलला आणि सायकल अधांतरी. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल येथे सायकलचे दुकान चालवणाऱ्या दोघांनी हाताशी असलेल्या सामानातून स्वतःच्या वापरासाठी स्टँड बनवला आणि त्यातून 1963 मध्ये पार्क टूल ही अवजारांची कंपनी उभी राहिली. दोन्हीकडचे दुखणे एकच होते: दिवसभर वाकून काम केले की पाठ धरते.

आता प्रकार पाहू. सर्वांत स्वस्त तो आकड्याचा छोटा स्टँड, जो मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांना खालून आधार देऊन चाक जमिनीपासून चार बोटे उचलतो. हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या या स्टँडला दुकानदार नाक मुरडतात, पण चेन साफ करणे, तेल सोडणे आणि गिअर लावणे एवढेच ज्यांना करायचे आहे, त्यांना दुसरे काही लागत नाही, हे मी धंद्याचे नुकसान सोसून सांगतो. काम मात्र जमिनीवर बसूनच करावे लागते. शिवाय ब्रेकचा कॅलिपर मागच्या दोन नळ्यांच्या बेचक्यात बसवलेला असेल तर आकडा त्याला अडतो, म्हणून सायकल दुकानात नेऊन लावून पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

दुसरा प्रकार शर्यतीतल्या मेकॅनिकांचा. त्यात पुढचे चाक काढून फोर्क, म्हणजे ते चाक धरणारा दुफाटा, पकडीत अडकवतात आणि पॅडलच्या धुरीखालचा भाग, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, एका खोबणीत टेकवतात. फ्रेमची एकही नळी दाबली जात नसल्याने कार्बन सायकलीला हा प्रकार फार मानवतो आणि सायकल दगडासारखी स्थिर राहते. त्याची अडचण अशी की प्रत्येक वेळी पुढचे चाक काढावेच लागते, पुढच्या ब्रेकचे काम होत नाही आणि पुढच्या चाकाच्या धुरीच्या मापाप्रमाणे वेगळे अ‍ॅडॉप्टर लागतात. साध्या क्विक रिलीजला (पान्याशिवाय लिव्हरने सुटणाऱ्या चाकाला) 9 मिमी, डिस्कच्या नव्या रोड सायकलींना बहुधा 12 मिमी, माउंटन बाइकला 15 मिमी. काही सायकलींच्या गिअरच्या केबल बॉटम ब्रॅकेटच्या पोटाखालून जातात. त्या खोबणीत चिरडल्या जाणार नाहीत ना, हेही पाहावे लागते.

तिसरा प्रकार जबड्याचा आणि घरासाठी माझी शिफारस त्याचीच आहे. एक खांब, त्याला आडवा हात, हाताच्या टोकाला रबर लावलेला जबडा. घडीचे साधारण स्टँड चार-पाच हजारांपासून सुरू होतात आणि नावाजलेल्या परदेशी कंपन्यांचे वीस हजारांच्या पुढे जातात. पैसे कशाला पडतात, तर मुख्यतः दोन सांध्यांना: हात खांबाला जिथे मिळतो तो सांधा आणि जबडा मिटवण्याची यंत्रणा. दुकानात सायकल लावून हँडल धरावे आणि पॅडलवर तळहाताने दाब द्यावा. सायकल थोडी झुलली तर चालेल, परंतु सांध्यातच खडखड जाणवली तर तो स्टँड वर्षभरात आणखी ढिला होणार. जबडा मिटवण्यासाठी स्क्रूची मूठ असलेला घ्यावा, कारण त्यात पकड किती आवळली हे बोटांना कळते. खटक्याच्या लिव्हरने काम झटपट होते, पण तिची पकड आधी नीट जुळवली नसेल तर ती एका झटक्यात गरजेपेक्षा जास्त दाबून मोकळी होते.

जबड्यात काय धरायचे, याचे उत्तर जवळजवळ नेहमी एकच आहे: सीट पोस्ट. आडवी नळी धरायला सोपी दिसते, कारण ती हाताशी असते आणि सायकलीचा तोलही तिथे चांगला साधतो, पण हलक्या सायकलींच्या नळ्यांची भिंत मधल्या भागात फारच पातळ असते. धंद्यात नवा असताना मी एका गिऱ्हाइकाची अ‍ॅल्युमिनिअमची फ्रेम आडव्या नळीला धरली आणि पॅडल सोडवायला जोर लावला. आवाज काहीच झाला नाही. जबडा उघडल्यावर नळीला अंगठ्याच्या पेराएवढा खळगा दिसला आणि त्या फ्रेमचे पैसे मी पुढचे सहा महिने फेडत होतो. कार्बनमध्ये तर खळगाही दिसत नाही. आतले थर सुटतात आणि बाहेरून रंग तसाच राहतो.

म्हणून खरेदीपूर्वी घरी टेप घेऊन दोन मापे घ्यावीत. पहिले म्हणजे सीटखाली पोस्ट किती उघडी आहे. जबड्याची रुंदी सात-आठ सेंटीमीटर धरली तर किमान दहा सेंटीमीटर पोस्ट मोकळी हवी. उंचीने कमी असलेल्या व्यक्तींच्या सायकलीवर ती बहुधा नसते. अशा वेळी पोस्ट आहे त्या जागी इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्यावा, सीटचा बोल्ट सोडून पोस्ट वर घ्यावी आणि काम झाल्यावर वेढ्यापर्यंत पुन्हा खाली सोडावी. पोस्टवर किमान किती भाग आत राहिला पाहिजे याची रेघ कोरलेली असते, ती मात्र बाहेर दिसता कामा नये. दुसरे माप जाडीचे आणि आकाराचे. 27.2, 30.9 किंवा 31.6 मिमीच्या गोल पोस्ट कोणत्याही बऱ्या जबड्यात बसतात, पण मुलीच्या रोड सायकलीची पोस्ट वाऱ्याला चिरणाऱ्या चपट्या आकाराची असेल तर सपाट जबडा तिला फक्त कडांवर पकडतो. ती गोल असूनही कार्बनची असेल तर आम्ही मेकॅनिक एक साधी युक्ती करतो: त्याच मापाची एक स्वस्त अ‍ॅल्युमिनिअमची पोस्ट जवळ ठेवायची, काम करताना ती बसवायची आणि सारी दांडगाई तिच्यावर करायची. पोस्ट चपटी असेल तर ही युक्ती चालत नाही. तिथे त्या आकाराचा अ‍ॅडॉप्टर किंवा वर सांगितलेला फोर्क धरणारा स्टँड हाच मार्ग उरतो.

आता पायांकडे येतो, कारण बाल्कनीत खरा धोका तिथे आहे. समजा तीन सारख्या पायांचा स्टँड आहे आणि प्रत्येक पायाचे टोक खांबापासून 60 सेंटीमीटरवर टेकते. अशा स्टँडच्या शेजारच्या दोन टोकांना जोडणारी सरळ रेघ काढली तर ती खांबापासून फक्त 30 सेंटीमीटरवरून जाते आणि जबड्याचा हात साधारण तेवढाच किंवा थोडा अधिक बाहेर आलेला असतो. म्हणजे हात दोन पायांच्या मधल्या मोकळ्या दिशेला वळवला तर सायकलीचे वजन थेट कलंडण्याच्या रेघेवर येते. हात नेहमी एका पायाच्या बरोबर वर असावा. सायकलीचे बरेचसे वजन सीट पोस्टच्या पुढे असते, म्हणून तो पाय किंचित हँडलच्या बाजूला वळवला तर आणखी बरे. काही स्टँडना दोनच लांब पाय असतात आणि खांबाचे खालचे टोक हाच तिसरा टेकू असतो. तिथे उलट नियम, हात दोन्ही पायांच्या मधोमध. बाल्कनीच्या फरशीला पाणी जाण्यासाठी मोरीकडे उतार दिलेला असतो, तेव्हा हात चढाच्या बाजूला असावा आणि खांब उताराकडे. गुळगुळीत फरशीवर पायांखाली जुने पायपुसणे टाकावे. चार फुटांत खांब भिंतीकडे, सायकल बाल्कनीच्या लांबीला समांतर आणि चेनची बाजू आपल्याकडे, अशीच रचना बसते. सायकल पावणेदोन मीटरच्या आसपास लांब असते, तेव्हा दहा फुटांत ती आरामात मावेल, पण कठड्याच्या बाजूला तोल जाणार नाही याची खात्री रिकामा स्टँड हलवून आधीच करावी.

भिंतीला कायमचा लावण्याचा जबडाही मिळतो आणि जागा फार वाचवतो. विटांच्या भिंतीत तो घट्ट बसतो. हल्लीच्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ठोकळ्यांत साधा फास्टनर मात्र हळूहळू सुटतो. घरात झोपाळ्याच्या कड्या असतील तर मग खर्चाचीही गरज नाही. माणसांचे वजन पेलणाऱ्या त्या कड्यांना चौदा किलोच्या हायब्रिडचे काय ओझे! दोन दोर, एक सीटच्या पुढच्या टोकाखालून आणि एक हँडलच्या मधोमध घेतला आणि फ्रेमपासून एक तिसरा दोर खाली खिडकीच्या गजाला ताणून बांधला की झुलणेही थांबते. माझ्या काही गिऱ्हाइकांनी स्टँडचा विचार येथेच सोडून दिला आहे.

वापरताना पहिला नियम असा की सायकल लगेच उचलू नये. हँडलचे बेअरिंग ढिले आहे का, हे फक्त जमिनीवर कळते: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलावी आणि दुसरा हात फ्रेम व फोर्क यांच्या सांध्यावर ठेवावा; टकटक जाणवली तर तिथे ढिलाई आहे. त्यानंतर सीटची पिशवी आणि दिवा काढावा, पोस्ट आणि जबड्याचे रबर दोन्ही ओल्या फडक्याने पुसावे, कारण रबरात रुतलेला वाळूचा एक कण पोस्टवर चांगलीच रेघ ओढतो. जबडा आधी कमी उंचीवर ठेवून सायकल त्यात द्यावी. मूठ आवळल्यावर हात लगेच सोडू नये. सायकल हळूच हलवून पकड तपासावी आणि मगच सोडावी. उंची अशी असावी की क्रँक (पॅडल ज्याला लागते तो दांडा) साधारण कमरेजवळ आणि मागचा डिरेलर उभ्याने किंवा स्टुलावर बसून सरळ डोळ्यांसमोर यावा. पुढचे चाक सारखे वळत राहते आणि हँडल फ्रेमवर आदळते. त्यासाठी जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून चाक फ्रेमच्या खालच्या नळीला बांधून टाकावे.

गिअर लावण्याचे काम स्टँडवर किती सोपे होते, हे एकदा करून पाहावे. चेन मागच्या सर्वांत लहान चक्रीवर आणावी आणि पाठीमागून एक डोळा मिटून पाहावे: डिरेलरची वरची पुली त्या चक्रीच्या बरोबर खाली, एका रेषेत असली पाहिजे. नसेल तर एच लिहिलेला स्क्रू थोडा फिरवून ती रेषेत आणावी. मग डाव्या हाताने शिफ्टरचा, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलणाऱ्या लिव्हरचा, एक खटका द्यायचा आणि उजव्या हाताने पॅडल फिरवत राहायचे. चेन दुसऱ्या चक्रीवर चढायला कुरकुरत असेल तर केबलच्या टोकाची गोल मूठ पाव फेरा घड्याळाच्या उलट दिशेला फिरवावी. चेन तिसऱ्या चक्रीला घासून करकर करत असेल तर पाव फेरा घड्याळाच्या दिशेने. डोळ्यांपेक्षा येथे कान जास्त उपयोगी पडतात. नीट लागलेला गिअर फिरताना फक्त बारीक सळसळ करतो. स्टँडवर चेनला भार नसतो, त्यामुळे अंतिम परीक्षा सोसायटीच्या आवारात सायकलीवर बसूनच घ्यावी आणि गरज पडल्यास आणखी पाव फेरा द्यावा.

चेन हाताशी आलीच आहे तर तिचे मापही घ्यावे. बारा इंची पोलादी पट्टीचा शून्य एका पिनेच्या मधोमध लावावा. नव्या चेनमध्ये बारा इंचांच्या खुणेवर दुसरी पिन बरोबर मधोमध येते. ती पिन खुणेपुढे एक षोडशांश इंच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर, सरकलेली असेल तर चेन बदलावी. दोन षोडशांश सरकली असेल तर बहुधा कॅसेटचाही, म्हणजे मागच्या चक्र्यांच्या संचाचाही, खर्च आला.

डिस्क ब्रेक घासत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट अर्धवट ढिले करावेत, ब्रेकची लिव्हर दाबून धरावी आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. मग कॅलिपरमागे पांढरा कागद धरला की पॅड आणि डिस्क यांच्यामधली फट दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसते. चाक काढलेले असताना लिव्हर चुकूनही दाबू नये, पॅड आत येऊन चिकटतात. म्हणून पॅडच्या मध्ये प्लास्टिकची पट्टी किंवा पुठ्ठ्याची घडी घालून ठेवावी. चेनवर फवारा मारायचा असेल तर आधी डिस्कवर प्लास्टिकची पिशवी बांधावी. तेल लागलेला पॅड पुसून सुधारत नाही.

मागचे चाक काढताना एक गोष्ट नक्की घडते आणि तिची कल्पना असलेली बरी: मागचे वजन गेल्यामुळे पुढचा भाग जड होतो आणि सायकल जबड्यात फिरून हँडल खाली येते. चाक सोडण्यापूर्वी मूठ आणखी थोडी आवळावी, चेन लहान चक्रीवर आणावी आणि डावा हात फ्रेमवरच ठेवावा.

जोराची कामे स्टँडवर करूच नयेत. पॅडल, क्रँक, बॉटम ब्रॅकेट हे भाग 35 ते 50 न्यूटन मीटरपर्यंत आवळलेले असतात. लांब पान्यावर तेवढा जोर दिला की तो सगळा पोस्टला पिळतो आणि स्टँडही कलतो. या कामांसाठी सायकल खाली घ्यावी, दोन्ही चाके जमिनीवर टेकवावीत आणि चेन पुढच्या मोठ्या चक्रीवर ठेवावी, म्हणजे पाना निसटला तर बोटे दातांवर आपटत नाहीत. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सुटते. पावसाळ्यानंतर ते सुटत नाही म्हणून पान्यावर पाईप चढवून चुकीच्या दिशेने उभे राहणारे लोक मी दरवर्षी पाहतो. चाकाचा आउट काढणे, म्हणजे डुगडुगत फिरणारी रिम सरळ करणे, मात्र स्टँडवर आरामात होते. मागच्या नळीला केबल टायचा तुकडा बांधून त्याचे टोक रिमजवळ आणावे, जिथे रिम टोकाला घासेल तिथल्या त्याच बाजूच्या तारा पाव फेरा ढिल्या कराव्यात आणि समोरच्या बाजूच्या तेवढ्याच आवळाव्यात.

राहिली वडिलांची सायकल. ती वीस किलोंच्या वर असणार, तिची सीट पोस्ट आखूड असते, कॅरिअर आणि मडगार्ड मध्ये येतात आणि घडीच्या स्टँडला ती झेपली तरी आपल्या पाठीला तिला तिथवर उचलणे झेपणार नाही. पण तिच्या मागच्या चाकाला जी घोडी आहे, ती लावली की चाक आपोआप अधांतरी होते. लहानपणी त्यावर उभे राहून पॅडल मारले नाही असा माणूस विरळा. चेन, फ्रीव्हील, मागचा ब्रेक, छर्रे बदलायचे ओव्हरऑइलिंग, सगळे त्यावरच होत आले आहे. पुढच्या चाकासाठी सीट आणि हँडल जमिनीला टेकवून ती खुशाल उलटी करावी, तिच्या ब्रेकमध्ये लोखंडी कांबी आहेत, तेल नाही. घोडीची स्प्रिंग ढिली झाली असेल तर तेवढी बदलून घ्यावी; कोणत्याही जुन्या दुकानात ती मिळते आणि पक्कड असेल तर घरीच बसते.